गावतळ्याच्या तळाशी पाणगवत परत कसं आणायचं

पाणगवत म्हणजे काठावरचा लव्हाळा नव्हे, तरंगणारी जलपर्णी नव्हे आणि दगडावरचं बुळबुळीत शेवाळही नव्हे. मुळं तळाच्या चिखलात आणि पानं पाण्यातच बुडालेली, अशा वनस्पतींबद्दल हे आहे. व्हॅलिस्नेरियाची पानं फितीसारखी लांब असतात. नाजस बारीक आणि ठिसूळ असतं. कारा हे शेवाळकुळातलं असलं तरी रोपासारखं उभं राहतं, हातात खरबरीत लागतं आणि त्याला उग्र वास येतो. हायड्रिलाच्या काडीवर पानांची चक्रं असतात. गावात या सगळ्यांना सरसकट ‘शेवाळ’ म्हणतात आणि तळं साफ करताना पहिल्यांदा तेच उपसून टाकतात. तिथेच घोळ होतो.

हे गवत गाळ मुळांनी धरून ठेवतं, वाऱ्याची लाट मोडतं, पाण्यातलं खत शोषतं आणि पाणपिसवांना लपायला जागा देतं. पाणपिसवा म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे उड्या मारणारे जीव. पाणी हिरवं करणारं सूक्ष्म शेवाळ तेच खातात. गवत गेलं की ही चारही कामं एकदम थांबतात. वारा सुटला की तळाचा गाळ वर येतो, त्याने अंधार होतो आणि अंधारात नवं गवत रुजत नाही. म्हणून बिघडलेलं तळं नुसतं सोडून दिलं तर आपोआप सुधारत नाही.

कामाला लागण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: तळ्यात उजेड नाही की बी नाही? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दोन्ही प्रकार घडलेले आहेत. चेसापीकच्या खाडीत शेतातलं आणि सांडपाण्यातलं खत उतरून पाणी गढूळ झालं होतं, त्यात 1972 च्या अ‍ॅग्नेस वादळाने गाळ ओतला आणि गवत गेलं. तिथे नायट्रोजन-फॉस्फरस कमी करण्यात पुढची कित्येक वर्षं गेली, आणि त्यानंतर मोठ्या भागात गवत आपसूक परत आलं. त्याच किनाऱ्यावरच्या व्हर्जिनियाच्या समुद्राकडच्या खाड्यांत गोष्ट उलटी होती. 1930 च्या दशकात रोगाने आणि वादळाने गवत नाहीसं झालं. पाणी निवळच राहिलं, पण बी कुठूनच येईना. तिथे वीसेक वर्षांत 7 कोटींहून जास्त बिया टाकल्या गेल्या आणि सुमारे 3,600 हेक्टरवर कुरण उभं राहिलं. आपली तळी बहुतेक वेळा पहिल्या प्रकारातली असतात, आणि आपण मात्र रोपं लावण्यापासून सुरुवात करतो.

उजेड मोजायचा

20 सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या. तिचे चार समान भाग करून ऑइलपेंटने एकाआड एक पांढरे-काळे रंगवा. मधोमध भोक पाडून बोल्ट घाला, खाली अर्ध्या किलोचं वजन बांधा आणि वर न ताणणारी दोरी लावून दर 10 सेंटिमीटरवर गाठ मारा. हिला सेकी चकती म्हणतात. सकाळी 10 ते दुपारी 2 च्या दरम्यान, ऊन असताना, तुमची किंवा होडीची सावली पडते त्या बाजूने ती पाण्यात सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहा, मग वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली लिहा. दोन्हींची सरासरी हे तुमचं माप. तीन ठिकाणी आणि दर पंधरा दिवसांनी मोजा. गॉगल लावून मोजू नका.

चकती दिसेनाशी होते त्या खोलीवर वरच्या उजेडाचा ढोबळमानाने 15 ते 20 टक्के भाग पोचतो, आणि बहुतेक पाणगवताला जेमतेम तेवढाच पुरतो. म्हणजे माप 60 सेंटिमीटर आलं तर 60 पेक्षा खोल जागी लावणी करू नये. माप 40 च्या आत असेल तर त्या वर्षी लावणीच करू नये, आधी पाण्याचं बघावं.

पाणी गढूळ कशाने आहे हे एका बाटलीवर कळतं. एक लिटरची पारदर्शक बाटली भरून 24 तास न हलवता ठेवा. वर निवळ आणि खाली गाळ बसला, तर तळ ढवळला जातोय: म्हशी, मासे किंवा वारा. पाणी हिरवंच राहिलं, तर खत आणि सांडपाणी. सारखं मातकट राहिलं, तर बारीक चिकणमाती आहे. बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीच्या शिवारात असं बऱ्याचदा दिसतं, तर खानापूरच्या जांभ्या दगडाच्या भागात पाणी लवकर निवळतं. हिरव्या पाण्यावर रंग सांडल्यासारखी दाट साय आली असेल तर ते विषारी असू शकतं. ती जाईपर्यंत जनावरांना तिथे पाणी पाजू नका आणि स्वतःही उतरू नका.

चिखलात बी शिल्लक आहे का

ही परीक्षा जवळजवळ फुकट आहे आणि तिने हजारभर रोपांची मेहनत वाचू शकते. मे महिन्यात पाणी उतरलं की तळ्याच्या वेगवेगळ्या सहा ठिकाणांवरून, वरचा फक्त 5 सेंटिमीटर थर, प्रत्येकी दोन-दोन ओंजळी घ्या. प्रत्येक ठिकाणचा चिखल वेगळ्या घमेल्यात किंवा टबात दोन बोटं जाड पसरा. वर 15 सेंटिमीटर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हळूच ओता. क्लोरिन घातलेलं नळाचं पाणी असेल तर ते दोन दिवस उघडं ठेवून मग वापरा. टब सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा, वर मच्छरदाणीचं कापड ताणा आणि 6 ते 8 आठवडे थांबा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात केसासारखे हिरवे कोंब दिसू लागले, तर बोट बुडवून एक हळूच उचला. खाली पांढरं मूळ दिसलं तर ते गवत. बोटाला नुसता तंतूंचा पुंजका चिकटला तर शेवाळ. सहापैकी दोन-तीन टबांत जरी कोंब आले तरी तळ्यात बी आहे, फक्त त्याला उजेड नाही. मग रोपं आणायच्या भानगडीत न पडता सगळी ताकद पाणी निवळण्यावर लावा.

याच कारणासाठी गाळ काढताना जेसीबीने सगळा तळ खरवडू देऊ नका. बी आणि कंद वरच्या थरातच असतात. काठाचा निदान चौथा हिस्सा न खणता ठेवा. दुसरी चूक आकाराची. तळं टोपल्यासारखं उभं खणून दगडी पिचिंग केलं की गवताला बसायला जागाच उरत नाही. एका बाजूला तरी 4-5 मीटर रुंदीची पायरी ठेवा, जी भरल्या तळ्यात 30 ते 120 सेंटिमीटर पाण्याखाली राहील. खोदाई सुरू व्हायच्या आधी हे आराखड्यात यायला हवं, म्हणून पंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज आणि हाताने काढलेला नकाशा द्या. अर्ज कन्नडमधून लिहून घेतला तर कागद लवकर पुढे सरकतो.

पाणी निवळायचं

तळ्याला येणारा प्रत्येक ओहोळ आणि गटार पावसात चालून बघा. जिथून गढूळ पाणी येतं तिथे तोंडाशीच 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1 मीटर खोल असा गाळखड्डा घ्या आणि दर उन्हाळ्यात तो रिकामा करा. हा खड्डा जाड गाळ आणि माती अडवतो, पाण्यात विरघळलेलं खत अडवत नाही. घरातलं सांडपाणी येत असेल तर पुढे खडी भरलेल्या चरात कर्दळ लावून त्यातून पाणी फिरवा. कर्दळ दर दोन-तीन महिन्यांनी कापून बाहेर न्यावी लागते, नाहीतर शोषलेलं खत कुजून पुन्हा पाण्यातच येतं. पाणकणीस मात्र उथळ तळ्यात लावू नका. ते सगळा काठ व्यापतं.

ऊस तळ्याच्या बांधापर्यंत असेल तर मधे 3 ते 5 मीटरची पट्टी वाळ्याची किंवा चाऱ्याच्या गवताची ठेवायला शेतकऱ्याला राजी करा. चाऱ्याचं गवत कापून विकता येतं, त्यामुळे हे बोलणं अवघड जात नाही. म्हशींना तळ्यातून हाकलून लावणं कुणालाच पटणार नाही आणि तशी गरजही नाही. एका कोपऱ्यात मुरूम टाकून उतार करा आणि त्यांची जागा ठरवून द्या. गणपतीसाठी काठावर वेगळा विसर्जन हौद बांधा. कपडे धुण्याचा दगड पाण्यापासून दहा-पंधरा पावलं मागे घेऊन त्याचं पाणी झाडांना सोडा.

जलपर्णी मे महिन्यात, पाणी कमी असताना, फुलोऱ्याआधी मुळासकट काढा आणि पुराचं पाणी पोचणार नाही इतक्या लांब वाळवा. तिचं बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं, म्हणून दर महिन्याला फेरी मारून नवी रोपं उपटणं चालू ठेवावं लागतं. तणनाशक फवारू नका. मेलेली जलपर्णी पाण्यात कुजते, प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन मरतात.

एवढं करूनही पाणी लगेच निवळेलच असं नाही. वर्षानुवर्षं गाळात साठलेला फॉस्फरस सांडपाणी बंद झाल्यावरही सुटत राहतो. चकतीचं माप वर्षागणिक वाढतंय ना, एवढं पाहावं.

आता माशांचं, कारण बहुतेक प्रयत्न इथेच बुडतात. गवत्या मासा, म्हणजे ग्रासकार्प, दिवसाला स्वतःच्या वजनाइतकं गवत खाऊ शकतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरून रोपं उपटतो आणि पाणी ढवळतो. या दोन्ही जाती तळ्यात असतील तर लावणी म्हणजे त्यांना चारा घालणं. तळ्यातल्या मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे त्याच्याशी लावणीच्या आधीच्या हंगामातच बोला. या दोन जातींचं मत्स्यबीज सोडायचं नाही आणि असतील ती जाळ्याने काढायची, हे ठेक्याच्या कागदावर येऊ द्या. रोहू चालतो. मरळ असेल तर उत्तमच, तो तिलापियाची पिल्लं खातो.

कुठल्या पट्ट्यात, कधी लावायचं

आपल्याकडची खरी अडचण खोलीची. पावसाळ्यात तळं भरतं आणि मेमध्ये काठ कोरडा पडतो. दिवाळीत जिथे गुडघाभर पाणी असतं तिथे अक्षय्य तृतीयेला भेगा पडलेल्या असतात. उलट मेमध्ये ओली राहणारी जागा दिवाळीत इतकी खोल असते की तिथे उजेड पोचत नाही. म्हणून दोन पट्टे धरा.

आधी घाटाच्या पायरीवर किंवा खांबावर भरल्या तळ्याची आणि मेअखेरची अशा दोन रेषा रंगवा. समजा त्यांत 1 मीटरचा फरक आहे. मेमध्ये जिथे 20 सेंटिमीटर पाणी उरतं, ती जागा भरल्या तळ्यात 1.2 मीटर खोल आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साधारण 70 सेंटिमीटर खोल असेल. चकतीचं माप तेव्हा 70 च्या वर असेल, तर हा तुमचा खालचा पट्टा. इथे व्हॅलिस्नेरिया लावा आणि लावणी संक्रांत ते शिमगा या काळात करा. पाणी उतरत जातं तसा रोपाला दर आठवड्याला जास्त उजेड मिळतो आणि पावसाळ्याचं गढूळ पाणी यायच्या आत त्याला चार महिने मिळतात. दिवाळीत लावलेलं रोप खोल पाण्यात अडकतं, म्हणून घाई करू नये.

वरचा पट्टा मेमध्ये कोरडा पडणारच. तिथे नाजस आणि कारा यांच्यासाठी जागा सोडा. सुकण्याआधी ते बी (काराच्या बाबतीत बीसारखे बीजाणू) टाकतात आणि पाणी परतल्यावर पुन्हा उगवतात. तळ्यात त्यांचं बी नसेल तर जलपर्णी नसलेल्या शेजारच्या तळ्यातून मेमध्ये वरचा थर खरवडून आणा, आधी टबात उगवून बघा, आणि परतीचा पाऊस ओसरून पाणी निवळू लागल्यावर पसरा.

वारंही बघा. पावसाळ्यात जोराचं वारं पश्चिमेकडून येतं, म्हणून पश्चिम काठाजवळ लाट लहान असते. पहिली वाफी तिथेच घ्या.

हायड्रिला मुद्दाम आणू नका. ते आपल्याकडचंच आहे, पण खताळ उथळ पाण्यात सगळं तळं भरून टाकतं. यायचं असेल तर ते आपण होऊन येतं. मत्स्यालयाच्या दुकानातली रोपंही नकोत, त्यांबरोबर परदेशी तणं येतात. रोपं त्याच नदीच्या पाणलोटातून घ्या. खानापूर तालुक्यात तर हे डोळ्यांत तेल घालून पाळायला हवं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि त्याच डोंगररांगेतली म्हादई पश्चिमेला गोव्याच्या खाडीत उतरते. एका बाजूचं तण दुसऱ्या बाजूला नेलं तर ते कुठवर पोचेल सांगता येत नाही.

रोपं आणि पुरचुंड्या

ज्या तळ्यातून रोपं घ्याल तिथल्या पंचायतीची परवानगी घ्या आणि दहातलं एकच रोप उचला, तेही विरळ-विरळ. घरी आणल्यावर धुऊन पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवा. जलपर्णीची बारीक रोपं आणि मोठ्या गोगलगायी काढून टाका. या गोगलगायी कोवळी पानं खातात.

मग रोपं वाढवण्यासाठी 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद हौदात 10 सेंटिमीटर माती (दोन भाग पोयटा, एक भाग बारीक वाळू) आणि वर 40 सेंटिमीटर पाणी घ्या. शेण किंवा खत अजिबात नको, त्याने हौदच हिरवा होतो. वर निम्मी सावली देणारी शेडनेट. जूनमध्ये शंभरेक रोपं घातली तर धावत्या खोडांना नवी रोपं फुटत जातात आणि संक्रांतीपर्यंत हौद भरून येतो. डासांसाठी गप्पी सोडू नका, ते रोपांबरोबर तळ्यात जातील. मच्छरदाणीचं कापड पुरतं.

लावणीसाठी तागाचं जुनं गोणपाट धुऊन त्याचे 20 सेंटिमीटरचे चौकोन कापा. एका पोत्यातून तीसेक निघतात. युरियाची पोती चालत नाहीत, ती प्लॅस्टिकची असतात. चौकोनावर एक गोटा, त्यावर तळ्याचाच मूठभर चिखल, त्यात तीन-चार रोपांची मुळं, आणि वर सुतळीने सैल गाठ. रोपाची पानं आणि मुळं जिथे मिळतात तो पांढरा गड्डा गाठीच्या वरच राहिला पाहिजे. तो चिखलात दबला की आठवडाभरात काळा पडून कुजतो. जितकी रोपं लावणीनंतर मरतात त्यांतली बरीचशी याच एका चुकीने मरतात, म्हणून पहिल्या वीस पुरचुंड्या जाणत्या माणसाने दुसऱ्याकडून बांधून घ्याव्यात आणि तपासाव्यात.

रोपं विखरून लावू नका. 2 मीटर बाय 1 मीटरची वाफी करा, दोन पुरचुंड्यांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा. एका वाफीला साधारण 24 पुरचुंड्या आणि शंभराच्या आत रोपं लागतात. पहिल्या वर्षी दहा वाफी पुरे, म्हणजे आठ पोती आणि हजाराच्या आत रोपं. रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीतून न्या आणि त्याच दिवशी लावा. कमरेपर्यंतच्या पाण्यात हाताने, त्याहून खोल फाट्याच्या काठीने दाबून. तळाला सडक्या अंड्याचा वास येत असेल ती जागा सोडून द्या, तिथे मुळं गुदमरतात. जेसीबीने खणलेल्या तळ्यात अचानक खड्डे असतात, म्हणून बांबूने चाचपत चला, दोघांनी उतरा आणि काठावर दोर घेऊन तिसरा असू द्या. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. कृष्णाकाठी आधी मगरीची चौकशी करा.

प्रत्येक वाफीभोवती बांबूचे खुंट आणि 2 सेंटिमीटर भोकांची कडक जाळी लावा. जाळी तळाशी घट्ट आणि वर पाण्याबाहेर वीतभर हवी. सैल नायलॉनचं जाळं वापरू नका, त्यात पाणदिवड आणि पक्षी अडकून मरतात. हिवाळ्यात येणारे वारकरी पक्षी कोवळी पानं खुडतात, त्यामुळे वरूनही दोऱ्या ताणून ठेवा.

बिघडलं तर

पहिल्या पंधरा दिवसांत जुनी पानं पिवळी पडून विरघळली तरी घाबरू नका. गड्डा पांढरा आणि टणक असेल तर नवी पानं येतात. गड्डा काळा आणि घाणेरड्या वासाचा असेल तर रोप गेलं. पानं वरून सरळ कापल्यासारखी दिसली तर गवत्या मासा किंवा पक्षी, जाळीत फट शोधा. मुळासकट रोप तरंगत असेल तर सायप्रिनस किंवा म्हैस, नाहीतर सुतळी सुटली. पानं फिकट, अरुंद आणि अवाजवी लांब झाली तर उजेड कमी पडतोय. पुढची लावणी वीतभर उथळ जागी करा. पानावर तपकिरी लेप बसला तर ते दोन बोटांत धरून हळूच चोळा. लेप निघून खालचं पान हिरवं निघालं तर रोप अजून जिवंत आहे, पण पाण्यात खत जास्त उतरतंय. गाळखड्डा आणि गटार पुन्हा तपासा.

पंधरवड्याला वाफीतल्या जिवंत पुरचुंड्या मोजा आणि चकतीच्या मापाशेजारीच लिहा. तीन महिन्यांनी निम्म्या जगल्या आणि त्यांना धावती खोडं फुटली तर लावणी लागली. त्याहून कमी जगल्या तर तिथेच पुन्हा रोपं ओतू नका, आधी कारण काढा.

पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात वाफी रिकामी दिसू शकते. नोव्हेंबर उजाडून पाणी निवळेपर्यंत खुंट उपटू नका, चिखलातल्या मुळांतून बरीच रोपं पुन्हा वर येतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जाळीच्या बाहेर नवी पाती दिसू लागली की एका वाफीची एकच बाजू उघडा आणि महिनाभर बघा. पाती टिकली तर दुसरी बाजू उघडा, खुडली गेली तर जाळी पुन्हा लावून ठेकेदाराकडे जा.